लहान मुलांना ईस्टरचा अर्थ कसा समजावून सांगावा?

प्रश्न : दोन मुलांची आई

नमस्कार. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या रविवारच्या शाळेतील चार ते आठ वर्षांच्या मुलांचा वर्ग यंदा माझ्याकडे आला आहे आणि ईस्टर जवळ आल्यामुळे अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे. नाताळचा अर्थ सांगताना मला फारशी अडचण आली नाही, कारण बाळाचा जन्म, गव्हाण, मेंढपाळ आणि तारा या गोष्टी मुलांच्या कल्पनेत सहज उतरतात. ईस्टरचे तसे नाही. या सणाच्या मुळाशी आधी येशूचा मृत्यू आहे, तोही अन्यायाने घडवून आणलेला. आणि त्यानंतरचे पुनरुत्थान, म्हणजे त्याचे पुन्हा जिवंत होणे, समजून घेताना मोठी माणसेही अडखळतात.

वर्गात मला दोन टोके दिसतात. काही पालकांचे म्हणणे असे की वधस्तंभाचा उल्लेखच टाळावा, मुले घाबरतील. रंगवलेली अंडी, गाणी आणि खाऊ एवढे पुरे आहे. काहींना वाटते की येशूने किती यातना सोसल्या हे मुलांना लहानपणीच ठळकपणे कळले पाहिजे, नाहीतर त्यांना सणाचे मोल कळणार नाही. मला दोन्ही मते पटत नाहीत, पण मधला मार्ग नेमका कोणता, हेही सुचत नाही.

याशिवाय घरचा एक प्रश्न आहे. काही महिन्यांपूर्वी माझे सासरे वारले. माझा धाकटा मुलगा पाच वर्षांचा आहे. त्याने परवा विचारले, “येशू तिसऱ्या दिवशी उठला, मग आपले आजोबा कधी उठणार?” त्याला खोटे सांगायचे नाही, आणि आपल्या विश्वासात जी आशा आहे तीही त्याच्यापासून काढून घ्यायची नाही. वर्गातही असे प्रश्न येणारच. कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : रविवारच्या शाळेतील शिक्षिका

ताई, तुमच्या मुलाचा प्रश्न हाच या विषयाचा गाभा आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

चार-पाच वर्षांच्या मुलाला मृत्यू म्हणजे काय, हे आपल्याला वाटते तसे ठाऊक नसते. हंगेरीतील मानसशास्त्रज्ञ मारिया नॅगी यांनी मुलांशी बोलून केलेला अभ्यास १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की साधारण पाच वर्षांपर्यंतची मुले मृत्यूकडे दूर जाणे किंवा झोपणे अशा नजरेने पाहतात. गेलेला माणूस परत येईल, असे त्यांना स्वाभाविकपणे वाटते. पुढच्या अभ्यासकांनीही साधारण असेच मांडले की मेलेले परत येत नाही, शरीराचे सर्व काम थांबते आणि हे प्रत्येक जिवाला लागू आहे, या गोष्टी बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमगू लागतात. याचा आपल्या शिकवण्यावर थेट परिणाम होतो. “येशू मरण पावला आणि तिसऱ्या दिवशी जिवंत झाला” हे वाक्य ऐकून आपण थक्क होतो, पण पाच वर्षांच्या मुलाला त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नसते. सगळेच परत येत असतील तर येशूही आला, आणि मग आजोबांनीही यायला हवे. तुमच्या मुलाने अगदी बरोबर तर्क केला आहे.

म्हणून पुनरुत्थान सांगण्याआधी मृत्यू खरेपणाने सांगावा लागतो, आणि तो थोडक्या, साध्या शब्दांत सांगता येतो: मेलेल्या माणसाचे शरीर काम करणे थांबवते, ते श्वास घेत नाही, त्याला भूक लागत नाही, दुखतही नाही. “झोपले” किंवा “गावाला गेले” असे म्हणू नये, कारण मग मूल झोपायलाही घाबरते. योहानकृत शुभवर्तमानाच्या (मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांची चार शुभवर्तमाने म्हणजे बायबलमधील येशूच्या जीवनाचे वृत्तांत) ११व्या अध्यायात येशूने आपला मृत मित्र लाजर झोपला आहे असे म्हटले, तेव्हा खुद्द शिष्यांनी ते शब्दशः घेतले आणि झोप लागली असेल तर बरा होईल असे उत्तर दिले. शेवटी येशूला लाजर मेला आहे असे उघड सांगावे लागले. मोठ्या माणसांची ही गत, तर पाच वर्षांच्या बाळाचे काय!

आजोबांच्या प्रश्नाला मी असे उत्तर देईन: “नाही बाळा, आजोबा या रविवारी येणार नाहीत. माणूस वारला की तो पुन्हा घरी राहायला येत नाही, म्हणून आपल्याला इतके वाईट वाटते. पण देवाने येशूला अशा नव्या जीवनात उठवले की तो पुन्हा कधीच मरणार नाही, आणि देवाचे वचन आहे की एके दिवशी तो आजोबांनाही आणि आपल्यालाही तसेच नवे जीवन देईल. तो दिवस कधी येईल ते आपल्याला माहीत नाही. तोपर्यंत आजोबा देवाजवळ आहेत.” करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आरंभीच्या काळातील प्रेषित पौल येशूला प्रथमफळ, म्हणजे हंगामाचे पहिले पीक, म्हणतो, त्याचा आशय हाच आहे: आधी त्याचे, मग इतरांचे. यात कुठेही खोटे नाही आणि आशाही शाबूत राहते. मूल रडले तर रडू द्यावे. लाजराच्या कबरेपाशी येशूही रडला, हे त्याला जरूर सांगावे.

आता वर्गाबद्दल. पुनरुत्थानाचा अर्थ सांगण्याची घाई करू नये, असे माझे ठाम मत आहे. “येशूने मृत्यूवर विजय मिळवला” हे वाक्य खरे आहे, पण चार वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने ते नुसते शब्द असतात. शुभवर्तमानांनी तरी अर्थ आधी कुठे सांगितला आहे? त्यांनी माणसे दाखवली: त्या पहाटे कोण गेले, काय पाहिले, कोण घाबरले, कोण धावत सुटले. आपणही तेच करावे. लहान गटासाठी योहानाच्या २०व्या अध्यायातील येशूची अनुयायी मरीया मग्दालीया हिची गोष्ट मला सर्वांत योग्य वाटते. अजून अंधार आहे. ती बागेत एकटी उभी राहून रडते आहे. तिला येशू दिसतो, पण ओळखू येत नाही. तो बागेचा माळी आहे असे ती समजते. मग तो फक्त तिचे नाव घेतो, “मरीये”, आणि ती त्याला ओळखते. आपल्या माणसाचा आवाज ओळखणे मुलांना तान्हेपणापासून जमते, म्हणून इथे त्यांना काही समजावून द्यावे लागत नाही. त्याच शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायात चांगला मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, असे येशूने सांगितले आहे. ती गोष्ट आधीच्या रविवारी सांगून ठेवली तर मुले स्वतःहून दोन्हींचा मेळ घालतात.

गोष्ट सांगताना हाताळण्यासारख्या वस्तू असाव्यात. सोफिया कावालेत्ती आणि जियाना गोब्बी यांनी १९५४ मध्ये रोममध्ये माँटेसरी पद्धतीच्या आधारे लहान मुलांचे धर्मशिक्षण सुरू केले. त्यांच्या पद्धतीत खडकातल्या कबरेची छोटी प्रतिकृती असते, तिच्या तोंडाशी लोटता येणारी धोंड असते, आणि स्त्रियांच्या व देवदूताच्या लहान मूर्ती असतात. शिक्षिका गोष्ट सांगते, मूर्ती हलवते आणि नंतर ते सारे मुलांच्या हाती देते. आपण हे पुठ्ठा, माती आणि लाकडाच्या तुकड्यांतून करू शकतो. मार्काच्या शुभवर्तमानात त्या स्त्रिया वाटेत एकमेकींना विचारतात की आपल्यासाठी धोंड कोण लोटील. हा प्रश्न मुलांना फार आवडतो. धोंड आधीच लोटलेली होती हे ऐकले की पुढचा अर्धा तास ती धोंड लोटण्यातच जातो, आणि तो वेळ वाया गेला असे मी मानत नाही; हाताने तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणे हे त्या वयाचे मनन आहे.

गोष्टीनंतर तोंडी परीक्षा घेऊ नये. कबरेत कोण गेले, किती स्त्रिया होत्या, असे प्रश्न विचारले की मुले शिक्षिकेला हवे ते उत्तर शोधू लागतात. जेरोम बेरीमन या अमेरिकन धर्मशिक्षकांनी विकसित केलेल्या पद्धतीत खुले प्रश्न असतात: मरीयेला तेव्हा काय वाटले असेल? या गोष्टीतला तुला सर्वांत आवडलेला भाग कोणता? तू या गोष्टीत कुठे आहेस? असे विचारावे आणि मग खरोखर गप्प बसावे. उत्तर आले नाही तरी चालते.

एक सूचना आग्रहाने करते. अळीचे फुलपाखरू होते हे उदाहरण जवळजवळ प्रत्येक वर्गात दिले जाते, ते मुख्य उदाहरण म्हणून वापरू नये. अळी कोशात मरत नाही, ती बदलते. मुलांच्या मनात येशूही खरा मेला नव्हता, नुसता आत लपला होता, असे चित्र उभे राहते. बी पेरण्याचे उदाहरण त्या मानाने बरे आहे, कारण गव्हाच्या दाण्याचा दाखला येशूने स्वतः दिला आणि बीजाचा पौलाने. मुलांकडून ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात दाणे पेरून घ्यावेत, रोज पाणी घालायला लावावे, आणि स्पष्टीकरण मात्र मोठ्या मुलांसाठी राखून ठेवावे.

उत्तर : निवृत्त शिक्षक, तीन नातवंडांचे आजोबा

शिक्षिकाताईंशी मी बहुतांशी सहमत आहे. गुड फ्रायडेचा, म्हणजे येशूला वधस्तंभावर मारले त्या शुक्रवारचा, विषय मात्र त्यांनी बाजूला ठेवला, म्हणून लिहितो.

शुक्रवार गाळून रविवार सांगता येत नाही. ज्याला शुक्रवार ठाऊक नाही त्याच्यासाठी रविवारी काहीच घडलेले नसते. पण शुक्रवार किती सांगावा, याचे माप शुभवर्तमानांनीच घालून दिले आहे. चारही शुभवर्तमाने उघडून पाहावीत: प्रत्यक्ष वधस्तंभावर खिळण्याचे वर्णन एकानेही केलेले नाही. त्यांनी त्याला वधस्तंभी दिले, एवढे सांगून ती पुढे जातात. खिळ्यांचा स्पष्ट उल्लेखसुद्धा त्या प्रसंगात नाही. तो नंतर येतो, थोमा हा शिष्य येशूच्या पुनरुत्थानाबद्दल शंका घेतो तेव्हा. ज्यांनी हे सर्व जवळून ऐकले त्यांनी इतका संयम पाळला, तर चार वर्षांच्या मुलांसमोर जखमा आणि रक्त यांचे वर्णन करण्याचे आपल्याला काय कारण? “काही बलवान माणसांना येशू नकोसा झाला होता. त्यांनी त्याला पकडले आणि वधस्तंभावर मारले. त्याची आई आणि काही स्त्रिया त्याला सोडून गेल्या नाहीत. अरिमथाईच्या योसेफाने त्याला खडकात खोदलेल्या कबरेत ठेवले.” लहानांना इतके पुरे. आई जवळ उभी राहिली, हे मुलांच्या मनात खोल रुजते.

दोन वाक्ये मात्र कोणत्याही वर्गात उच्चारली जाऊ नयेत, असे मला कळकळीने वाटते. पहिले, “यहुद्यांनी येशूला मारले.” येशू स्वतः यहुदी होता, मरीया यहुदी होती, बाराही शिष्य यहुदी होते, आणि शिक्षेचा हुकूम रोमन सुभेदार पंतय पिलाताचा होता. या एका वाक्यापायी शतकानुशतके यहुदी लोकांचा छळ झाला. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये अधिकृतपणे सांगितले की येशूच्या मरणाचा दोष त्या वेळच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर सरसकट टाकता येत नाही. दुसरे वाक्य, “तू खोटे बोललास म्हणून येशूला खिळे सोसावे लागले.” ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, ही आपल्या श्रद्धेची शिकवण आहे आणि ती योग्य वयात, नऊ-दहा वर्षांनंतर, नीट समजावून द्यावी. पाच वर्षांचे मूल मात्र जगातल्या कोणत्याही वाईट गोष्टीचे कारण आपणच आहोत असे सहज मानून बसते, आई-वडिलांच्या भांडणाचेसुद्धा. त्याच्या इवल्याशा खांद्यांवर वधस्तंभ ठेवू नये.

शनिवारही विसरू नये. लूक सांगतो की स्त्रियांनी सुगंधी द्रव्ये तयार केली आणि शब्बाथ, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या, दिवशी विसावा घेतला. त्या दिवशी काहीही घडले नाही, कोणालाही काही कळले नाही. ज्या मुलाच्या घरी कोणी वारले आहे, त्याला हा रिकामा दिवस इतर कोणत्याही दिवसापेक्षा जास्त ओळखीचा वाटेल.

प्रतिसाद : दोन मुलांची आई

दोघांचेही मनापासून आभार. आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर मी काल रात्री मुलाला जवळपास त्याच शब्दांत दिले. त्याने “मग तो दिवस लांब आहे का?” एवढेच विचारले, आणि मी माहीत नाही असे सांगितल्यावर तो बराच वेळ मला बिलगून राहिला.

आता मोठ्या मुलीबद्दल विचारते. ती आठ वर्षांची आहे आणि स्वतः बायबल वाचू लागली आहे. तिने कबरेपाशी एका ठिकाणी एक देवदूत आणि दुसऱ्या ठिकाणी दोन देवदूत असल्याचे शोधून काढले आणि “मग हे खरेच घडले का?” असे विचारले. शिवाय अंडी, ससा आणि दर वर्षी बदलणारी तारीख यांचे काय सांगावे, हेही कोणी लिहिले तर उपकार होतील.

उत्तर : एक पाळक

आपल्या मुलीने लक्षपूर्वक वाचले आहे, याबद्दल प्रथम तिचे कौतुक करावे. तिचे निरीक्षण अचूक आहे. मत्तयात एक देवदूत आहे, मार्कात पांढरा झगा घातलेला एक तरुण, लूकात लखलखीत वस्त्रे घातलेले दोन पुरुष आणि योहानात दोन देवदूत. स्त्रियांची नावेही सर्वत्र सारखी नाहीत. मरीया मग्दालीया मात्र चारही ठिकाणी आहे. हे फरक मुलांपासून लपवू नयेत, कारण ते आज ना उद्या त्यांना सापडतातच, आणि मग शिक्षकाने ते का सांगितले नाहीत, हा प्रश्न मूळ प्रश्नापेक्षा मोठा होतो.

तिला सांगावे की घरात एखादी मोठी घटना घडल्यावर चौघांना वेगवेगळे विचारले, तर तपशील वेगळे येतात आणि मुख्य गोष्ट एकच येते. चौघांनी शब्दनशब्द सारखे सांगितले असते, तर उलट त्यांनी आधी ठरवून घेतले असे वाटले असते. मग तिला चारही वृत्तांत शेजारी शेजारी ठेवून सर्वांत सारखे काय आहे ते शोधायला लावावे: आठवड्याचा पहिला दिवस, पहाट, स्त्रिया, लोटलेली धोंड, रिकामी कबर. आठ वर्षांच्या मुलांना असा शोध घेणे फार आवडते. तिला आणखी एक गोष्ट सापडेल. येशू उठला तो क्षण एकाही शुभवर्तमानात नाही. तो कोणी पाहिला नाही आणि कोणी पाहिल्याचा दावाही केला नाही. गोष्ट रचायची असती, तर तो क्षण कोणी सोडला असता का, हा विचार तिचा तिला करू द्यावा.

“खरेच घडले का?” या प्रश्नाला उत्तर देताना प्रामाणिकपणा अत्यंत आवश्यक आहे. आम्ही ख्रिस्ती लोक हे खरे मानतो, आणि ज्यांनी येशूला पाहिले त्यांच्या सांगण्यावरून मानतो. करिंथकरांस पहिले पत्र वधस्तंभानंतर साधारण पंचवीस वर्षांच्या आत लिहिले गेले. त्यात पौल साक्षीदारांची यादी देतो आणि त्यांत पाचशेहून अधिक बंधूंचा उल्लेख करून त्यांपैकी बहुतेक अजून जिवंत आहेत असे सांगतो. गणितातले उत्तर जसे पडताळता येते तसे हे पडताळता येणार नाही, हेही तिला सांगून टाकावे. पहिल्या दिवशी शिष्यांनीही विश्वास ठेवला नव्हता. लूक लिहितो की स्त्रियांचे बोलणे त्यांना निरर्थक बडबड वाटली. थोमा तर आठ दिवस अडून बसला. येशूने त्याला शिष्यमंडळातून बाहेर काढले नाही. तो पुन्हा आला आणि त्याने थोमाला आपले हात दाखवले. ज्या मुलाला शंका बोलून दाखवता येते ते मूल मंडळीत टिकते, असे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे.

या वयासाठी माझ्या मते सर्वांत उपयुक्त प्रसंग योहानाच्या २१व्या अध्यायातील आहे. शिष्य रात्रभर मासे धरण्याचा प्रयत्न करतात आणि हाती काही लागत नाही. पहाटे किनाऱ्यावर उभा असलेला कोणीतरी जाळे उजवीकडे टाकायला सांगतो, आणि त्यात १५३ मोठे मासे येतात. किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव पेटलेला असतो आणि येशू त्यांना न्याहारीला बोलावतो. येशूला पकडले त्या रात्री पेत्र या शिष्याने आपण त्याला ओळखत नाही असे तीन वेळा म्हटले, तेव्हाही तो कोळशांच्या विस्तवापाशीच शेकत उभा होता. आता तशाच विस्तवापाशी येशू त्याला तीन वेळा विचारतो, तू माझ्यावर प्रीती करतोस काय? सात-आठ वर्षांच्या मुलाला चूक, लाज आणि पुन्हा जवळ घेतले जाणे हे नीट कळते. “मृत्यूवर विजय” हे त्याला कळायला वेळ लागेल, पण उठलेल्या येशूने सर्वांत आधी काय केले, तर आपल्या पळून गेलेल्या मित्रांना परत जवळ केले, हे त्याला आजच कळते. शिवाय येशू भूत नव्हता, हेही न्याहारीच्या या प्रसंगातून आपोआप स्पष्ट होते.

अंड्यांबद्दल थोडक्यात सांगतो. मध्ययुगीन चर्चमध्ये उपवासकाळात अंडी वर्ज्य असत, त्यामुळे ईस्टरला ती पुन्हा ताटात येण्याचा आनंद असे. पूर्वेकडील (ऑर्थोडॉक्स) चर्चमध्ये ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून ती लाल रंगवतात. अंडी फोडून रिकामी कबर दाखवण्याची रीतही त्याच परंपरेत आहे. सशाचा शुभवर्तमानाशी काही संबंध नाही. अंडी आणणाऱ्या ईस्टरच्या सशाचा उल्लेख १६८२ मधील एका जर्मन वैद्याच्या लेखनात आढळतो. मुलांना खेळ म्हणून तो ठेवावा, खेळ आहे असे सांगून ठेवावा. क्रम मात्र सांभाळावा: आधी गोष्ट, मग खेळ. मुलांच्या हातात एकदा खाऊ आला की गोष्ट ऐकायला कोणी उरत नाही.

तारखेचे कारण आठ वर्षांच्या मुलीला सहज समजेल. येशूचे मरण आणि पुनरुत्थान यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या वेळी झाले आणि तो सण चंद्रावर ठरतो. इ. स. ३२५ मध्ये निकेया येथे भरलेल्या चर्चच्या परिषदेनंतर हळूहळू जो नियम रुळला त्याप्रमाणे, २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार हा ईस्टर. ही पौर्णिमा चर्चच्या गणितानुसार धरलेली असते. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. ऑर्थोडॉक्स मंडळ्या जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेवरून गणित करतात. २०२५ मध्ये दोन्ही ईस्टर २० एप्रिललाच आले होते, तर २०२६ साठी ५ एप्रिल आणि १२ एप्रिल अशा वेगळ्या तारखा येतात. मुलीला दिनदर्शिका देऊन पौर्णिमा शोधायला सांगावे.

उत्तर : प्राथमिक शाळेतील शिक्षक

मी ख्रिस्ती नाही, पण माझ्या वर्गात निरनिराळ्या धर्मांची मुले आहेत आणि प्रत्येक सणाचा अर्थ मी सांगतो. माझ्या अनुभवात “ख्रिस्ती लोक असे मानतात की...” एवढी सुरुवात केली की सर्व मुले मोकळेपणाने ऐकतात; ख्रिस्ती मुलाचा मान राहतो आणि इतरांवर काही लादले जात नाही. केवळ अंडी आणि ससे दाखवून वेळ मारून नेणे मला ख्रिस्ती मुलावर अन्याय करणारे वाटते, कारण त्याच्या घरी त्या दिवशी जे खरोखर साजरे होते ते वर्गात अदृश्यच राहते. वरील चर्चेतील मरीयेची गोष्ट मी यंदा माझ्या वर्गात त्याच प्रस्तावनेसह सांगणार आहे.

उत्तर : धर्मशिक्षण वर्गाची सहायिका

वरील सर्वांनी पुष्कळ सांगितले आहे. मला फक्त वेळेबद्दल लिहायचे आहे. हे सर्व एका रविवारी सांगण्याचा प्रयत्न करू नये. ईस्टर हा एका दिवसाचा सण नाही, तो पेंटेकॉस्ट या सणापर्यंत पन्नास दिवस चालतो, आणि बहुतेक वर्गांत ईस्टरच्या दुसऱ्याच आठवड्यात हा विषय संपवला जातो याचे मला दुःख होते.

शक्य असेल तर मुलांना शनिवारच्या रात्रीचा जागरणविधी, निदान त्याचा आरंभ तरी, दाखवावा. पूर्वी कॅथलिक चर्चमध्ये हा विधी शनिवारी सकाळी उरकला जाई. पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये तो पुन्हा रात्रीच्या वेळी आणला, आणि मुलांच्या दृष्टीने त्याचे मोल फार आहे. चर्चमध्ये पूर्ण अंधार असतो, नव्या अग्नीवरून पास्काची (ईस्टरची) मोठी मेणबत्ती पेटवतात, तिच्यावर क्रूस, आल्फा व ओमेगा (ग्रीक लिपीतील पहिले व शेवटचे अक्षर) आणि त्या वर्षाचे आकडे कोरलेले असतात, आणि मग तिच्यावरून एकेक करत सर्वांच्या मेणबत्त्या पेटतात. आपली मेणबत्ती दुसऱ्याला दिल्याने आपली ज्योत कमी होत नाही, हे मुले स्वतः पाहतात. बाप्तिस्म्याच्या वेळीही बालकाची मेणबत्ती पास्काच्या मेणबत्तीवरूनच पेटवली जाते. मुलाच्या बाप्तिस्म्याची मेणबत्ती घरी जपून ठेवली असेल तर ती काढून त्याच्या हातात द्यावी.

पुढचे आठवडे असे वापरता येतील. ईस्टरच्या दिवशी मरीयेची गोष्ट. दुसऱ्या रविवारी थोमा, कारण कॅथलिक वाचनक्रमात दर वर्षी त्या दिवशी तेच शुभवर्तमान असते. चौथ्या रविवारी चांगला मेंढपाळ. शिक्षिकाताईंनी सुचवलेला नावाने हाक मारण्याचा धागा इथे पुन्हा हाती येतो, म्हणून ज्यांना तो आधी सांगायला जमले नाही त्यांनी इथे सांगावा. मधल्या एखाद्या रविवारी किनाऱ्यावरची न्याहारी. अम्माऊस गावाच्या वाटेवर उठलेल्या येशूबरोबर त्याला न ओळखता चाललेले दोन प्रवासी मोठ्या गटासाठी राखून ठेवावेत, कारण ती गोष्ट लांब आहे आणि भाकर मोडताना ओळख पटणे हे प्रभुभोजनाच्या तयारीला लागलेल्या मुलांनाच नीट भिडते. चाळिसाव्या दिवशी स्वर्गारोहण आहे. ते लहानांना एक-दोन वाक्यांत सांगावे. येशू ढगांत उडून गेला एवढेच त्यांच्या लक्षात राहते, आणि त्यातून तो आपल्याला सोडून गेला असा समज झाला तर तुमच्या मुलासारख्या, नुकतेच आजोबा गमावलेल्या बाळाला पुन्हा त्रास होईल. तिथे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशूने दिलेले वचन आधी सांगावे, की तो सर्व दिवस आपल्याबरोबर आहे, आणि मग उरलेली गोष्ट.